सकाळी पेलेर, दुपारी ओरा!

वीकएण्डला लोणावळा, लाँग वीकएण्डला गोवा आणि बोनस हातात पडला की बँकॉक किंवा बाली. आपल्यापैकी बहुतेकांचा ट्रॅव्हल मॅप इथेच संपतो. युरोपला गेलोच, तर आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि टूर मॅनेजरच्या हातचे रेडी-टू-ईट पोहे! त्यामुळे इटलीत सहा दिवस राहायचं, पण रोम नाही, व्हेनिस नाही, फक्त एका तळ्यात पडायचं, हा प्लॅन ऐकल्यावर घरच्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. ‘पडायचं’ हा शब्द अगदी शब्दशः घ्या. मी चालले होते विंडफॉइलिंग शिकायला.

आता हे काय नवीन? साधं विंडसर्फिंग तुम्ही गोव्यात पाहिलं असेल. बोर्डवर उभं राहायचं, शिडाचा आडवा दांडा म्हणजे बूम धरायचा आणि वाऱ्याच्या जोरावर सुसाट सुटायचं. विंडफॉइलमध्ये त्याच बोर्डच्या पोटाखाली जवळजवळ मीटरभर खांब असतो आणि खांबाच्या टोकाला विमानासारखे पंख. पुढे मोठा, मागे छोटा. वेग आला की हे पंख बोर्डला पाण्याबाहेर उचलतात आणि तुम्ही चक्क हवेत! पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट, म्हणून एवढासा पंखसुद्धा माणसासकट बोर्ड उचलू शकतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा प्रकार ‘आयक्यूफॉइल’ या नावाने पहिल्यांदा आला आणि महिलांचं गोल्ड इटलीच्याच मार्ता मॅजेत्तीने नेलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, हांगझोऊ एशियन गेम्समध्ये आपल्या इबाद अलीने ब्रॉन्झ मिळवलं, ते मात्र जुन्या, बिनफॉइलच्या बोर्डवर.

शिकण्यासाठी मी निवडलं टोर्बोले. इटलीतलं सगळ्यात मोठं तळं म्हणजे गार्डा. लांबी ५२ किलोमीटर, कमाल खोली ३४६ मीटर. त्याच्या उत्तर टोकाला, दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांच्या मध्ये हे पिटुकलं गाव आहे. तळ्याच्या या त्रेंतिनोकडच्या भागात खासगी मोटरबोटींना बंदी आहे. त्यामुळे पाण्यावर आवाज फक्त शिडांचा आणि पडणाऱ्यांचा! कॉलेजातली माझी मैत्रीण म्युनिकमध्ये आयटीत आहे. ती गाडी घेऊन ब्रेनरची खिंड ओलांडून आली, मी बसने. जून महिना, दोघींची मिळून एक खोली आणि एका स्कूलमध्ये सहा दिवसांचं पॅकेज. फ्रीलान्सरच्या बजेटमध्ये हे बसवायला मला दोन वर्षं लागली होती, हे इथेच सांगून ठेवते. पुढे कामाला येईल.

टोर्बोलेचं वैशिष्ट्य म्हणजे तिथला वारा टाइमटेबलने येतो. रात्री उशिरा सुरू होऊन सकाळपर्यंत उत्तरेकडून वाहतो तो पेलेर. मग थोडा वेळ सगळं शांत. दुपारी दक्षिणेकडून येतो तो ओरा, संध्याकाळपर्यंत. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, त्यांचीच ही डोंगरातली भावंडं. दिवसा डोंगरांचे उतार तापतात, हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेच्या मैदानाकडून तळ्यावरून हवा धावत येते. रात्री नेमकं उलट.

या टाइमटेबलचा फटका एका बड्या माणसालाही बसला होता. जर्मन कवी ग्योथं वायमारच्या दरबारी नोकरीतून कुणाला पत्ता लागू न देता सटकला आणि सप्टेंबर १७८६ मध्ये टोर्बोलेला पोहोचला. (सिक लीव्हचा शोध आपण लावलेला नाही!) १३ तारखेला पहाटे तीनला तो होडीने दक्षिणेकडे निघाला. आधी वारा पाठीशी होता, मग उलटला. नावाड्यांना माल्चेसिनेला थांबावं लागलं. तिथे हा किल्ल्याचं चित्र काढायला बसला, तर लोकांना वाटलं हेर आहे!

आमची इन्स्ट्रक्टर याच गावची, आमच्याहून लहान आणि बोलायला एकदम कडक. पहिल्या दिवशी वारा होता आठ-दहा नॉट, म्हणजे ताशी पंधरा-अठरा किलोमीटर. साध्या विंडसर्फरला एवढ्यात नुसतं रांगत जावं लागतं. फॉइलला तेवढं पुरतं. तिने दोघींना पुढचा पंख सगळ्यात मोठा दिला, कारण मोठा पंख कमी वेगातही उचलतो. अट एकच, बोर्ड वर यायला लागला की वजन पुढच्या पायावर. ऐकायला सोपं आहे. पण पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट, तर उचल चौपट! वाऱ्याचा एक झोत आला की बोर्ड घोड्यासारखा उधळतो, पंख पाण्याबाहेर येतो, उचल एकदम गायब आणि तुम्ही शिडासकट पाण्यात. हेल्मेट आणि जॅकेट कशासाठी, ते पाचव्या मिनिटाला कळतं. आपल्याकडचा एकच अनुभव इथे उपयोगी पडला. फास्ट लोकलमध्ये हात न धरता उभं राहणं!

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झाले गिअरचे प्रयोग. नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही. शिडाची काठी बोर्डवर जिथे बसते तो जोड दोन सेंटिमीटर पुढे सरकवला, तर नाक खाली राहिलं आणि उधळणं कमी झालं. मागच्या पंखाखाली प्लास्टिकची पातळ पाचर घातली, तर त्याचा कोन जेमतेम बदलला, पण बोर्डचा स्वभावच बदलला. सगळ्यात मोठा धक्का शिडाचा. एकदा पंखांवर आलात की पाण्याचा अडथळा जवळपास संपतो, म्हणून तेवढ्याच वाऱ्यात साध्या विंडसर्फिंगपेक्षा छोटं शीड पुरतं. वारा वाढला तर आणखी छोटं, पंखही छोटा. आपल्या डोक्यात बसलेलं असतं की काम वाढलं की ताकद वाढवा. इथे उलटं आहे, वारा जितका देतो, तितकं तुम्ही कमी घ्यायचं.

चौथ्या दिवशी ओरा वीस नॉटच्या वर गेला. तळ्यावर पांढऱ्या लाटा. लोक धावतपळत छोटी शिडं लावत होते. आमची इन्स्ट्रक्टर म्हणाली, “आज तुम्ही दोघी पाण्यात नाही.” मैत्रीण माझ्याकडे वळून मराठीत फुटलीच, “अगं, पैसे भरलेत आपण! सहातला एक दिवस गेला?” मीही मनात हिशेब केला. एका दिवसाची फी म्हणजे माझे दोन लेख. पण वाऱ्याला आपलं पॅकेज माहीत नसतं. इन्स्ट्रक्टरने आम्हाला काठावर बसवलं आणि काम दिलं. दक्षिणेकडून पाण्यावर गडद पट्टा येताना दिसला की मोजायचं, तो इथे पोहोचायला किती वेळ लागतो. दोन तास तेच केलं. मग पट्टे नुसते दिसेनात, त्यांच्यात फरक दिसायला लागला. हा जोरात, हा नुसता पसरट, याच्यामागे काहीच नाही. गिअर बदलून जे कळत नव्हतं, ते रिकाम्या हाताने बसून कळलं.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला निघालो, पेलेरच्या शेपटावर. हा वारा टोर्बोलेहून पाण्याकडे वाहतो, म्हणजे पडलात की गावापासून लांबच जाता. त्यामुळे इन्स्ट्रक्टर सोबत आणि स्कूलची बोट नजरेच्या टप्प्यात. पंख कोणता लावायचा? पाण्यात गेल्यावर तो बदलता येत नाही. तिने विचारलं, मी सांगितलं, “मोठा पंख, छोटं शीड.” पेलेर मरणार होता आणि नंतरचा पहिला ओरा हलकाच असणार होता.

झालंही तसंच. काही मिनिटांत वारा गेला. बोर्ड खाली बसला, शीड पाण्यात आडवं. आजूबाजूला कडे, खाली काळंनिळं पाणी आणि किनारा चांगलाच लांब. इन्स्ट्रक्टरने विचारलं, “बोट बोलावू?” पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात दक्षिणेला एक पट्टा दिसला. पसरट, पण मागे आणखी दोन. मी म्हटलं, थांबू या.

वीसेक मिनिटांनी ओरा आला. शीड वर, पुढच्या पायावर वजन, आणि बोर्डखालची खळखळ एकदम बंद झाली. फॉइलवर आल्याची खूण ती शांतता. झोत येताना आधीच दिसत होता, म्हणून पाय आधीच तयार होता. एकदाही न पडता मी जवळजवळ किनाऱ्यापर्यंत आले. मैत्रीण मागून मोठमोठ्याने काहीतरी ओरडत होती. तिथे छापण्यासारखं त्यात काही नव्हतं.

जायचंय? साधारण मे ते सप्टेंबर उत्तम. शेंगेन व्हिसा लागेल. व्हेरोनाहून ट्रेनने रोव्हेरेतो, तिथून बस. पोहता यायलाच हवं. गिअर विकत घेऊ नका, भाड्याने घ्या आणि बदलून बदलून वापरा. सकाळच्या पेलेरमध्ये एकटं जाऊ नका. आणि तिकीट काढताना एक दिवस जास्तीचा ठेवा. तो नुसता काठावर बसण्यासाठी!