फुकटच्या निरोपांचा हिशेब




जानेवारी २०२१च्या पहिल्या आठवड्यात भारतातल्या कोट्यवधी फोनांवर एक सूचना झळकली. व्हॉट्सॲपने आपले गोपनीयता धोरण बदलले असून ८ फेब्रुवारीपर्यंत ते मान्य करावे, त्यानंतर मान्यतेशिवाय ॲप वापरता येणार नाही, असा तिचा आशय होता. खासगीपणा हा एरवी घरात चर्चेचा विषय नसतो. त्या आठवड्यात मात्र सोसायटीच्या ग्रुपपासून शाळेच्या पालकग्रुपपर्यंत सगळीकडे तोच होता. तेव्हा जी मते ऐकू आली तीच आजही तंत्रज्ञानाची कुठलीही मोठी बातमी आली की ऐकू येतात. आपले मेसेज आता कंपनी वाचणार. आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय? फुकट मिळते त्याची तक्रार कशाला करायची? आणि अखेरीस, सगळ्या कंपन्या एकाच माळेचे मणी. यांतले एकही मत वेडगळ नाही. प्रत्येकामागे काही ना काही अनुभव आहे. पण एकेक मत तपासत गेले की मेसेज कोण वाचतो हा प्रश्न मागे पडतो आणि दुसराच पुढे येतो: माणसाची संमती घेतली जाते तेव्हा त्याला नकार देण्याची काही सोय ठेवलेली असते का?

मेसेज वाचले जातात हे मत सर्वांत जास्त पसरले आणि तेच सर्वांत कमी खरे होते. एप्रिल २०१६पासून व्हॉट्सॲपवरचे खासगी संभाषण एंड-टू-एंड एन्क्रिप्शनने बांधलेले आहे. मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. मधल्या सर्व्हरला त्यातले काही कळत नाही. २०२१च्या धोरणाने यात बदल केला नव्हता. बदल मुख्यतः दुकाने, बँका, विमान कंपन्या अशा व्यवसायांशी होणाऱ्या संवादाबद्दल होता. असे संवाद व्यवसायाच्या वतीने व्हॉट्सॲपची मालक असलेल्या फेसबुककडे साठवले जाऊ शकत होते आणि त्यांचा उपयोग जाहिरातींसाठीही होऊ शकत होता. कंपनीने भारतातल्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन खासगी मेसेज सुरक्षित असल्याचे सांगितले, आणि ते खरेच होते. लोकांनी मात्र चुकीचा प्रश्न विचारला होता, आणि कंपनीने नेमके त्याच प्रश्नाचे उत्तर दिले.

मजकूर सोडून उरते ते पुष्कळ असते. फोन नंबर, फोनचा प्रकार, आयपी पत्त्यावरून लागणारा ठिकाणाचा अंदाज, कोण केव्हा ऑनलाइन असतो, किती वेळ असतो, कोणत्या ग्रुपमध्ये आहे, कोणत्या व्यवसायाशी बोलतो. एखादी स्त्री महिनाभर रोज एका वकिलाशी बोलते, मग एका घरदलालाशी, मग दुसऱ्या गावातल्या शाळेशी. यातला एकही शब्द न वाचता तिच्या संसारात काय चालले आहे ते बाहेरच्याला कळते. तिने ते सख्ख्या भावालाही अजून सांगितलेले नसेल.

ही माहिती कुणाच्या हाती जाते हे समजण्यासाठी कंपनीचा इतिहास पाहावा लागतो.  याहूमध्ये काम केलेल्या यान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९मध्ये व्हॉट्सॲप सुरू केले. कूम यांचे बालपण सोव्हिएत युक्रेनमध्ये गेले होते. फोनवर मोकळेपणाने बोलता येत नाही अशा समाजात ते वाढले आणि पुढे त्यांनी ते जाहीरपणे लिहिलेही. जाहिराती न घेणे हे दोघांचे ठाम धोरण होते. पहिल्या वर्षानंतर वर्षाला सुमारे एक डॉलर घ्यायचा, एवढाच त्यांचा धंदा. फेब्रुवारी २०१४मध्ये फेसबुकने हे ॲप सुमारे १९ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. महिन्याभरात कूम यांनी ग्राहकांना आश्वासन दिले की खासगीपणाबाबत काहीही बदलणार नाही. जानेवारी २०१६मध्ये वर्षाचा डॉलर बंद झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवे धोरण आले आणि ग्राहकांचे फोन नंबर व वापराची माहिती फेसबुकला देण्याची तरतूद झाली. त्या वेळी जुन्या ग्राहकांना निदान ३० दिवसांत जाहिरातींसाठीच्या वापराला नकार देता येत होता. २०२१मध्ये तीही सोय उरली नाही.

खरेदीला मंजुरी मागताना फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितले होते की दोन्हीकडची खाती आपोआप खात्रीने जुळवणे शक्य नाही. मे २०१७मध्ये आयोगाने फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला. खाती जुळवण्याची शक्यता २०१४मध्येच होती आणि फेसबुकच्या कर्मचाऱ्यांना ती ठाऊक होती, असा त्याचा निष्कर्ष होता. ॲक्टन यांनी २०१७मध्ये कंपनी सोडली. हे एकत्रीकरण अवघड आहे असे युरोपीय अधिकाऱ्यांना सांगण्याची आपली तयारी करून घेतली गेली होती, असे त्यांनी पुढच्या वर्षी मुलाखतीत सांगितले. कूम २०१८मध्ये बाहेर पडले. ज्यांनी शब्द दिला होता ते दोघेही गेले. शब्द ज्यांना दिला होता ते ग्राहक मात्र आत राहिले. शब्द देणारा माणूस कितीही सच्चा असो, कंपनी विकली गेली की त्याच्या शब्दाला कायद्याचा आधार लागतो. तो २०१४मध्ये भारतात नव्हता.

लपवण्यासारखे काही नाही, हे मत सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत अपुरे आहे. बोलणारा स्वतःपुरते खरे बोलत असतो, पण त्याच्या फोनमधली माहिती त्याच्या एकट्याची नसते. ॲपला संपर्कयादी दिली की तिच्यातल्या प्रत्येकाचा नंबर जातो. त्यात व्हॉट्सॲप न वापरणाऱ्या आजीचाही नंबर असतो आणि तिला कुणी विचारलेले नसते. याचे सर्वांत बोलके उदाहरण केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात सापडते. फेसबुकवरच्या व्यक्तिमत्त्व चाचणीच्या एका ॲपने लोकांची माहिती गोळा केली आणि ती राजकीय प्रचाराचे काम करणाऱ्या कंपनीपर्यंत पोहोचली. एप्रिल २०१८मध्ये फेसबुकने आकडे दिले: जगात ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोक, भारतात ५,६२,४५५. आणि ते ॲप भारतात किती जणांनी घेतले होते? अवघ्या ३३५ जणांनी. बाकीचे साडेपाच लाखांहून अधिक लोक केवळ ते ॲप घेतलेल्या कुणाचे तरी फेसबुकवरचे मित्र म्हणून या यादीत आले. संमती ३३५ जणांची, झळ सगळ्यांना. खासगीपणा ही ज्याची त्याची वैयक्तिक बाब आहे, हे म्हणणे या दोन आकड्यांपुढे टिकत नाही.

फोन आपले बोलणे चोरून ऐकतो, ही समजूतही घराघरांत आहे. जेवताना मिक्सरचा विषय निघतो आणि संध्याकाळी मिक्सरची जाहिरात दिसते. मार्क झुकरबर्ग यांनी एप्रिल २०१८मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर याचा इन्कार केला. ऐकण्याची तशी गरजही पडत नाही. हजारो संकेतस्थळे आणि ॲप आपल्या ग्राहकाने काय पाहिले हे जाहिरातीच्या यंत्रणेला परस्पर कळवत असतात. एकाच घरातल्या, एकाच वायफायवरच्या दुसऱ्या माणसाने मिक्सर शोधला असेल, तर तेवढाही धागा पुरतो.

फुकट मिळते या मताचे उत्तर ॲपलच्या एका बदलाने दिले. एप्रिल २०२१मध्ये आयफोनवर माग काढू पाहणाऱ्या प्रत्येक ॲपला विचारणे भाग पडले: इतर ॲप आणि संकेतस्थळांवरच्या तुमच्या हालचालींचा माग काढू का? पुष्कळांनी नको म्हटले. फेब्रुवारी २०२२मध्ये फेसबुकची मूळ कंपनी मेटाने सांगितले की त्या वर्षी या बदलामुळे सुमारे १० अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडेल. लोकांना साध्या शब्दांत, नकाराची खरी सोय ठेवून विचारले की ते काय उत्तर देतात, आणि त्या उत्तराची किंमत किती असते, हे एवढ्या स्पष्टपणे क्वचितच दिसले आहे. ॲपलचाही त्यात स्वार्थ होता, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही.

मग लोक व्हॉट्सॲप सोडून का देत नाहीत? २०२१च्या जानेवारीत त्यांनी सोडून पाहिले. टेलिग्रामने ७२ तासांत अडीच कोटी नवे ग्राहक आल्याचे सांगितले. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या आणि ॲक्टन यांनीच पाच कोटी डॉलर दिलेल्या सिग्नलवर एवढी गर्दी लोटली की १५ जानेवारीला त्याची सेवा बंद पडली. सिग्नल असताना सगळ्या कंपन्या सारख्याच म्हणणे चूक आहे: मेसेज कुलूपबंद करण्याची व्हॉट्सॲपची पद्धत मुळात सिग्नलचीच, पण सिग्नल संपर्क आणि वापराची माहिती जवळजवळ साठवतच नाही. तरीही बहुतेक लोक परतले. किराणा दुकानाची यादी, पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट, बचत गटाच्या पापडांच्या ऑर्डरी, ग्रामपंचायतीच्या सूचना, अमेरिकेतल्या नातवाचा व्हिडिओ कॉल, हे सगळे व्हॉट्सॲपवरच होते. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्र सरकारने भारतातल्या त्याच्या ग्राहकांची संख्या ५३ कोटी सांगितली होती. एवढे लोक एका जागी असले की एकट्याने उठून जाणे म्हणजे आपल्याच माणसांतून उठून जाणे. अशा स्थितीत दाबलेले ‘सहमत’चे बटण म्हणजे संमती नव्हे, आणि ती संमती आहे असे कंपनीने धरून चालणे हा अन्याय आहे.

भारतात हा अन्याय प्रथम स्पर्धा कायद्याच्या भाषेत मांडला गेला. भारतीय स्पर्धा आयोगाने मार्च २०२१मध्ये स्वतःहून चौकशी लावली. १८ नोव्हेंबर २०२४च्या आदेशात आयोगाने हे ‘मान्य करा किंवा निघा’ धोरण म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर ठरवला, मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी पाच वर्षे माहिती देण्यावर बंदी घातली. जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने त्या बंदीला स्थगिती दिली आणि नोव्हेंबर २०२५मध्ये दंड कायम ठेवून बंदी रद्द केली. दंडाचा आकडा मोठा वाटतो. मेटाचे २०२४चे उत्पन्न सुमारे १६४.५ अब्ज डॉलर होते. त्या हिशेबाने हा दंड कंपनीच्या दीड तासाच्या उत्पन्नाइतकाही नाही. तिला खरी झळ बंदीची बसली असती, आणि तीच उठली.

न्यायालयांत दुसरी वाट सुरू होती. २०१६च्या धोरणाला दोन विद्यार्थ्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठासमोर गेले. दरम्यान २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्णय दिला.   १ फेब्रुवारी २०२३ रोजी धोरणाच्या प्रकरणातल्या घटनापीठाने व्हॉट्सॲपला पाच वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन सांगायला लावले की माहितीसंरक्षणाचा कायदा येईपर्यंत नवे धोरण मान्य न करणाऱ्यांचीही सेवा चालू राहील. हे आश्वासन कंपनीने २०२१मध्येच दिले होते. अनेकांना त्याचा पत्ता नव्हता, आणि त्यांनी आधीच बटण दाबले होते.

माहितीसंरक्षणाचा तो कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला. संमती मोकळी, नेमकी, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. आणि माहिती मागणारी सूचना इंग्रजीबरोबर आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय हवा, असे तो सांगतो. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. याच कायद्याने सरकारी यंत्रणांना व्यापक सूट देण्याची मुभा ठेवली आणि माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहितीचे कलम अधिक कडक केले. कंपन्यांना लावलेली शिस्त सरकारला न लावणे, ही या कायद्याची मोठी उणीव आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्या आधीच, जून २०२५मध्ये, व्हॉट्सॲपने ‘अपडेट्स’च्या भागात जाहिराती आणण्याचे जाहीर केले होते.