भारी औषध काढताना

माझे पेशंट मला बहुतेकदा बाटलीतूनच भेटतात. मी मायक्रोबायॉलॉजीची डॉक्टर. पुणे जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर आमची लॅब आहे. तिथे कपाटाएवढ्या यंत्रात पेशंटच्या रक्ताच्या बाटल्या शरीराच्या तापमानाला ठेवलेल्या असतात. रक्तात जंतू असेल तर तो बाटलीतल्या खाद्यावर वाढतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, बुडाच्या सेन्सरला ते कळतं आणि यंत्र ओरडायला लागतं. 'बाटली फ्लॅग झाली' असं आम्ही म्हणतो. पाच दिवस बाटली गप्प राहिली तर रिपोर्ट निगेटिव्ह.

मागच्या पावसाळ्यात जुन्नरकडचे एक शेतकरी रात्री कॅज्युअल्टीत आले. साठी उलटलेली, जुना मधुमेह, अंगात थंडी भरून ताप, लघवी जवळजवळ बंद, बीपी खाली गेलेलं. मुलगा त्यांना अण्णा म्हणत होता. गावात काय औषध दिलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "दोन सलायनी आणि एक पिवळं इंजेक्शन." चिठ्ठी नव्हती. पिवळं इंजेक्शन व्हिटॅमिनचंही असतं आणि अँटिबायोटिकचंही. त्यावरून काहीच ठरत नाही.

ड्यूटीवरच्या रेसिडेंट मुलीने एक गोष्ट चोख केली. औषधाचा पहिला डोस देण्याआधी तिने दोन्ही हातांतून वेगवेगळं रक्त घेतलं आणि प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिली भरलं. हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बाटल्यांत जेमतेम दोन-तीन मिली रक्त असतं, आणि तेही दोन डोस होऊन गेल्यावर घेतलेलं. जंतुसंसर्गात मोठ्या माणसाच्या एका मिली रक्तात एखाददुसराच जंतू सापडू शकतो, त्यामुळे रक्त कमी घेतलं तर तो निसटतो. औषध आधी गेलं तर तो बाटलीत वाढतच नाही. मग पुढचा सगळा इलाज अंदाजावर.

रक्त घेतल्याबरोबर तिने मेरोपेनेम आणि टायकोप्लॅनिन सुरू केलं. दोन्ही मोठी औषधं, आणि माझ्या मते त्या घडीला योग्यच. बीपी पडलेल्या पेशंटला तासाभरात औषध मिळायला हवं. आपल्याकडे रुग्णालयात सापडणारे बहुतेक ई. कोलाय जंतू सेफ्ट्रिअॅक्सोन या नेहमीच्या औषधाला जुमानत नाहीत. अशा जंतूंवर जरा हलकं औषध चालेल का, हे बघण्यासाठी मेरिनो नावाचा अभ्यास झाला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मेरोपेनेम दिलेल्यांपैकी ३.७ टक्के लोक महिन्याभरात दगावले, तर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिलेल्यांपैकी १२.३ टक्के. हे आकडे माहीत असलेला डॉक्टर पहिल्या रात्री जुगार खेळत नाही. सोनोग्राफीत खडा अडकून किडनी फुगलेली दिसली, म्हणून यूरॉलॉजिस्टने पहाटेच स्टेंट टाकून कोंडलेला पू वाहता केला. तो कोंडलेलाच राहिला असता तर मेरोपेनेमनेही फारसं काही साधलं नसतं.

सकाळी दोन्ही हातांच्या बाटल्या फ्लॅग झाल्या. एक थेंब काचेवर घेतला, ग्रामचा रंग दिला. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. आमच्या लॅबमध्ये लाखो रुपयांची यंत्रं आहेत, पण पहिला फोन आजही याच काचेच्या भरवशावर जातो. भिंगाखाली गुलाबी काड्या दिसल्या. मी आयसीयूला फोन केला, "ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय आहेत. टायकोप्लॅनिन थांबवा." ते औषध या काड्यांवर काम करत नाही. जांभळ्या गोळ्यांचे घोस दिसले असते तर बोलणं वेगळं झालं असतं. घोस स्टॅफ ऑरियसचे निघाले तर तो जंतू एकाच बाटलीत असला तरी सोडून देता येत नाही, हृदयाच्या झडपांची इको करावी लागते, औषध किमान दोन आठवडे चालतं. आणि एकाच बाटलीत त्वचेवरचा साधा स्टॅफ निघाला तर तो बहुधा सुई टोचताना आत गेलेला असतो. त्या बिचाऱ्यासाठी व्हँकोमायसिन घेत पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतू कोणत्या औषधाला दाद देतो त्याची तपासणी, हाती आली. काड्या ई. कोलायच्या होत्या. अण्णांचा ई. कोलाय जुन्या वळणाचा निघाला, सेफ्ट्रिअॅक्सोनला सरळ मरणारा. मी तसा रिपोर्ट पाठवला आणि थोड्याच वेळात फिजिशियनचा फोन आला.

"मॅडम, यात मेरो दिसत नाही. तपासलं नाही का?"

तपासलं होतं, पण छापलं नव्हतं. साध्या औषधाने काम होत असेल तर मोठ्या औषधांची नावं आम्ही रिपोर्टवर मुद्दाम दाखवत नाही. नाव दिसलं की हात तिकडेच जातो. दुसरी गोची आकड्यांची. रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढे एमआयसी असते, म्हणजे जंतूची वाढ रोखायला त्या औषधाची किमान किती मात्रा लागली. मेरोपुढे ०.२५ आणि सेफ्ट्रिअॅक्सोनपुढे १ दिसलं की मेरो चौपट चांगलं, असा हिशेब शिकलेले डॉक्टरही मांडतात. पण प्रत्येक औषध रक्तात वेगळ्या प्रमाणात पोचतं आणि त्याची मर्यादारेषाही वेगळी असते. दोन औषधांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे किलो आणि लिटरची बेरीज.

मी वर आयसीयूत गेले. अण्णा बसून चहा पीत होते, बीपी सावरलेलं. फिजिशियनचं म्हणणं मला पूर्ण कळत होतं, "पेशंट सुधारतोय. चालू गाडीला कशाला हात लावायचा? उद्या ताप आला तर नातेवाईक मलाच विचारणार." खरं आहे. मोठं औषध सुरू केलं म्हणून डॉक्टरला कुणी जाब विचारत नाही. ते काढलं की मात्र सगळी जबाबदारी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर.

मुलगा बाहेर उभा होता. त्याला कुणकुण लागली होती.

"मॅडम, भारी औषध बंद करताय म्हणे. पैशाचं बघू नका. वेळ पडली तर एकर विकीन, पण अण्णांना हलक्यावर ठेवू नका."

त्याला मी बाकावर बसवलं. सांगितलं की अण्णांचा जंतू हलक्या औषधानेही तेवढाच मरतो, आम्ही तो लॅबमध्ये मारून पाहिला आहे. मेरोपेनेम मात्र त्यांच्या आतड्यातले कामाचे जंतूही मारील आणि कशालाच न जुमानणारे मागे ठेवील. खडा पुन्हा झाला, अण्णा पुन्हा आले, तर तेव्हा लढायला आपल्याकडे काय उरेल? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे हे पुढच्यासाठी राखून ठेवायचं." एवढ्या नेमकेपणाने आमच्या बैठकांतही कुणी बोलत नाही.

मी एवढा हट्ट धरला त्याला कारण त्याच आयसीयूतल्या एका बाई होत्या. मोठं ऑपरेशन, मानेत सेंट्रल लाइन, आठवड्यांमागून आठवडे मोठी औषधं. त्यांच्या बाटलीत क्लेब्सिएला निघाला आणि जवळजवळ प्रत्येक औषधापुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. मेरोपेनेमपुढेही. त्याच्याकडे एनडीएम हे एन्झाइम होतं. नाव नवी दिल्लीवरून पडलेलं. त्यावरून २०१० मध्ये आपल्याकडे बराच गदारोळ झाला होता. नाव काहीही असो, जंतू आपल्याच वॉर्डांत आहे. अशा वेळी सेफ्टाझिडीम-अॅव्हिबॅक्टम आणि अॅझट्रिओनाम एकत्र द्यावं लागतं. एनडीएम अॅझट्रिओनामला तोडू शकत नाही, पण जंतूकडची इतर एन्झाइम तोडतात, त्यांना अॅव्हिबॅक्टम अडवून धरतं. युक्ती सुंदर आहे. रोजचा खर्च ऐकून मात्र घरचे खाली बघतात. कोलिस्टिन त्यापेक्षा स्वस्त, पण ते किडनीवर घाव घालतं. त्या बाई वाचल्या नाहीत.

आपल्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिन बनवायला. आमच्याकडे येणाऱ्या काही पेशंटांनी 'एचए'त नोकरी केलेली आहे. आज आमच्या बाटल्यांत सापडणारा स्टॅफ ऑरियस त्या पेनिसिलिनला क्वचितच दाद देतो. एका माणसाच्या नोकरीच्या काळात औषध निकामी होऊ शकतं.

फिजिशियनने त्याच दुपारी मेरोपेनेम काढून सेफ्ट्रिअॅक्सोन लिहिलं. रात्री ताप आला नाही. सातव्या दिवशी तेही थांबवलं. पूर्वी अशा पेशंटला सरसकट चौदा दिवस द्यायचे. २०२४ मध्ये बॅलन्स नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ३,६०८ पेशंट होते. सात दिवस औषध घेतलेल्यांपैकी १४.५ टक्के आणि चौदा दिवस घेतलेल्यांपैकी १६.१ टक्के लोक तीन महिन्यांत दगावले, म्हणजे कमी दिवसांनी नुकसान झालं नाही. स्टॅफ ऑरियसचे पेशंट त्यात घेतलेच नव्हते, त्यामुळे त्यांना हा हिशेब लावू नये. अण्णा घरी गेले आणि स्टेंट काढायला नंतर चालत आले.

तुमच्या घरातलं कुणी तापाने फणफणून रुग्णालयात दाखल झालं तर 'भारी औषध द्या' असा आग्रह धरू नका. पहिल्या डोसआधी ब्लड कल्चर, म्हणजे या बाटल्यांसाठीचं रक्त, घेतलं का, हे विचारा. दोन-तीन दिवसांनी कल्चरमध्ये काय निघालं आणि त्याप्रमाणे औषध बदलायचं का, हेही विचारा. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. आणि गावच्या दवाखान्यात दिलेल्या औषधाची चिठ्ठी सोबत आणा. चिठ्ठी नसेल तर इंजेक्शनची रिकामी बाटली आणा, तीही चालते.