कानांनी वाचणारे गाव

बॉस्टनला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात : हार्वर्ड पाहिले का, आणि थंडी किती होती? या दोन्हींची उत्तरे देऊन झाली, की मी न विचारता तिसरी गोष्ट सांगतो. त्या गावात मी माणसांना कानांनी वाचताना पाहिले.

केंब्रिजहून बॉस्टनला येणारी रेड लाइनची गाडी बराच वेळ जमिनीखालून धावते आणि केंडल स्टेशन सोडल्यावर एकदम उजेडात येऊन लाँगफेलो पुलावरून चार्ल्स नदी ओलांडते. पुलावरचे दगडी बुरूज जेवणाच्या टेबलावरच्या मिठा-मिऱ्याच्या बुधल्यांसारखे दिसतात. लोकांनी पुलाला तेच टोपणनाव दिले आहे. ऑक्टोबरात काठावरची झाडे हळदीकुंकवाच्या रंगात न्हालेली असतात. आपण नवखे खिडकीला नाक लावून बसतो. स्थानिक मंडळी मात्र कानांत बोंडे घालून, डोळे मिटून स्वस्थ! मला वाटले, गाणी ऐकत असतील.

“गाणी कसली?” माझा मित्र म्हणाला, “यातले निम्मे तरी कादंबरीत बुडालेले असतील.”

हा मित्र माझ्या शाळेतला, गिरगावचा. गेली चाळीस वर्षे केंब्रिजला आहे. त्याच्या घरी आठ दिवस राहिलो तेव्हा या कानांच्या वाचनाचा संसारच पाहायला मिळाला. भांडी विसळताना रोमचा इतिहास, कपड्यांच्या घड्या घालताना खुनाची कथा, नदीकाठी फिरायला जाताना कुणाचे तरी चरित्र. वहिनींचे पुस्तक वेगळे, याचे वेगळे. जेवायला बसले की दोघे बोंडे काढून ठेवणार आणि “तुझा खुनी सापडला का?” अशी एकमेकांची चौकशी करणार. आणि या सगळ्याला खर्च शून्य. पुस्तके बॉस्टन पब्लिक लायब्ररीची!

फोनवर 2017 साली निघालेले ‘लिबी’ नावाचे एक ॲप असते. त्यात लायब्ररीच्या कार्डाचा क्रमांक घातला, की बोलकी पुस्तके घरबसल्या मिळतात. गंमत अशी, की कागद नाही, कपाट नाही, तरी रांग आहेच. प्रकाशक लायब्ररीला परवाना देतात आणि बहुतेक पुस्तकांच्या एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. तेव्हा नव्या कादंबरीसाठी नंबर लावून आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. मुदत संपली की पुस्तक आपल्या पायांनी परत जाते. दंड नाही, पण खुनी कोण हे कळायला वीस मिनिटे उरलेली असताना पुस्तक निघून जाते, हा दंड काय थोडा झाला? आमच्या गिरगावच्या वाचनालयात पुस्तक मागितले, की कारकून मान वर न करता म्हणायचे, “बाहेर गेलंय.” सातासमुद्रापलीकडे तेच वाक्य भेटले, तेव्हा अगदी घरी आल्यासारखे वाटले.

एके दिवशी तो मला ती लायब्ररी दाखवायला घेऊन गेला. पार्क स्ट्रीटला गाडी बदलून कॉप्ली चौकात उतरायचे. संस्था 1848 सालची, समोरची दगडी इमारत 1895 सालची. दारावर दोनच गोष्टी सांगणारे वाक्य कोरले आहे : ही जागा मोफत आहे आणि सर्वांसाठी आहे. यामागे जोशुआ बेट्स नावाचा माणूस आहे. लहानपणी पैसे नसल्याने तो संध्याकाळी पुस्तकांच्या दुकानात बसून वाचायचा. दुकानदार हाकलत नसत. पुढे लंडनला मोठा सावकार झाल्यावर 1852 साली त्याने लायब्ररीला पन्नास हजार डॉलर दिले. अट अशी, की इमारत शहराची शोभा वाढवणारी असावी, शंभर-दीडशे माणसांना बसून वाचता यावे आणि कुणाकडूनही पैसे घेऊ नयेत. त्याच्या नावाचे वाचनदालन 218 फूट लांब आहे. हिरव्या दिव्यांखाली माना घालून बसलेली माणसे पाहिली, की देवळात आल्यासारखा आपलाही आवाज खाली येतो.

जिन्यावर संगमरवरी सिंहांची जोडी आहे. त्यांच्या शेपटीला हात लावणे शुभ मानतात. मित्राने लावला. मग कठड्यावरचा हात न काढता, ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजत तो उतरला. आतल्या चौकात कारंज्यापाशी आम्ही बसलो. ऊन कोवळे होते.

“गाडी विकली मी,” तो म्हणाला. “बरीच जागा मोकळी झाली. आणि पर्किन्सचं यंत्र आलंय घरी. चांगलं आहे. बटणं मोठी आहेत.”

“कसलं यंत्र?”

“अरे, काचबिंदू. कडेचं गेलं ते काही परत येत नाही. मधलं आहे ते सांभाळू, म्हणतात डॉक्टर. छापील अक्षर आता फार वेळ टिकत नाही. बरं, कॉफी घेणार ना?”

मी कॉफी घेतली. आणखी काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी एकटाच वॉटरटाउनला जाऊन नदीकाठची ती पर्किन्स शाळा पाहून आलो. 1829 साली स्थापन झालेली ही अंधांची शाळा. हेलन केलर तिथे शिकल्या, तेव्हा ती दक्षिण बॉस्टनमध्ये होती. उंच मनोऱ्याच्या या आवारात ती 1912 पासून आहे. तिच्या ग्रंथालयातून बोलकी पुस्तके टपालाने घरोघर जातात. तिकीट लावावे लागत नाही. आगगाडीतले ते लोक ज्याला नवी सोय समजतात, ती मुळात अंधांसाठी निघाली. 1934 च्या सुमारास अमेरिकेत अंधांकरिता सावकाश फिरणाऱ्या तबकड्यांवर पुस्तके भरली जाऊ लागली; एका बाजूला साधारण पाव तास वाचन. घरोघरच्या गाण्यांना तशा लांब तबकड्या मिळाल्या त्या 1948 साली. म्हणजे इथे अंध पुढे चालले होते आणि डोळस मागून आले.

घरी आल्यावर ते यंत्र नीट पाहिले. बटणांचे आकार निरनिराळे, बोटांना ओळखू येतील असे. वहिनी म्हणाल्या, “भावजी, आम्ही दोघं आधीपासून ऐकत होतो ना, म्हणून फारसं काही बदललं असं वाटलंच नाही हो.” एवढे बोलून त्या आमटी ढवळत राहिल्या.

मी सामानातून दोन दिवाळी अंक नेले होते. मित्राने एक हातात घेतला, पाने फरफर उलटली, कागदाचा वास घेतला आणि माझ्यापुढे धरला. “इथं सगळं मिळतं, पण हे नाही. वाच एक गोष्ट.”

मी वाचू लागलो. वहिनींनी गॅस बारीक केला. आता मुंबईहून दर रविवारी एक गोष्ट फोनवर वाचून मी त्याला पाठवतो. परवा विचारले, “माझं वाचनही सव्वापट वेगानं ऐकतोस का रे?”

“छे! वेग इंग्रजीला. तू उलट जरा सावकाश वाच. आणि तुझ्या खिडकीतला कावळा हाकलू नकोस. तोही ऐकू येतो.”