पिवळी की हिरवी?

'होडी घ्यायची' असं मी जाहीर केलं तेव्हा आमच्या घरात आधी शांतता आणि मग हशा पसरला. बरोबरच आहे. आळंदीत राहून होडी? इंद्रायणीवर अनेकदा पांढराशुभ्र फेस तरंगत असतो. सांडपाणी आणि कारखान्यांच्या पाण्याचा हा प्रताप. टीव्हीवाले वारीच्या आधी तो हमखास दाखवतात. तिथे होडी सोडायला मी काही वेडी नाही! पण देवबागला नवऱ्याच्या मामांचं घर आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. वर्षातून दोन-तीन वेळा आम्ही तिकडे पळतो आणि दर वेळी किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या होड्या बघतो.

डिकीत मावेल आणि फ्रीलान्सरच्या खिशालाही परवडेल, अशी होडी म्हणजे हवा भरायची कयाक. शोधता शोधता दोनच उरल्या. दोन्ही इंटेक्सच्या, दोन्ही दोन माणसांच्या, दोन्हींसोबत वल्ही आणि हातपंप. पिवळी ती एक्सप्लोरर के-टू, हिरवी ती चॅलेंजर के-टू. फोटोत तर सख्ख्या बहिणी! चाकणच्या कंपनीत रोज मिलिमीटरशी झगडणाऱ्या नवऱ्याने लगेच मापं काढली. पिवळी ३१२ सेंटिमीटर लांब, ९१ रुंद. हिरवी ३५१ लांब, रुंदी फक्त ७६.

"हिरवी. लांब आणि निमुळती. सरळ जाईल, वाऱ्यातही कमी भरकटेल," तो म्हणाला. मुद्दा खरा होता. दोन्हींच्या तळाला छोटा पंख लावता येतो, पण रुंद होडी वल्हवायला जड जाते ती जातेच. शिवाय हिरवी दिसते जाम स्टायलिश!

मी मात्र बाबांचा विचार करत होते. वय ६८, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. होडीचं खूळ तसं त्यांचंच. लहानपणी घाटावरून उड्या मारत ते पोहायला शिकले आणि अजूनही पाण्याचा विषय निघाला की त्यांचे डोळे चमकतात.

मग रविवारी गच्चीवर खडूने दोन्ही होड्या आखल्या, खऱ्या मापात. (शेजारच्या काकूंना वाटलं, रांगोळीची प्रॅक्टिस चाललीय.) हिरवीत बाबा बसले खरे, पण उठताना एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा रेषेच्या पार बाहेर! पाण्यात त्या रेषेबाहेर टेकायला काहीच नसणार. शिवाय हिरवीला पुढे-मागे झाकण, पाय आत सरकवावे लागतात. पिवळी सगळी उघडी. गडी तिथेच हरला, पण कबूल करायला त्याने तीन दिवस घेतले.

खरा वाद पुढेच झाला. बाबांना चिऊला सोबत घेऊन वल्हवायचं होतं. "तुम्हा दोघांबरोबर मीही बसते," मी म्हटलं. पिवळीची क्षमता सुमारे १८० किलो, आमचं तिघांचं वजन १५४. पण होडी दोघांची आहे. हिशेबात बसतंय म्हणून तिसरं माणूस कोंबायचं नाही, यावर नवरा अडून बसला. मे २०२४ मध्ये उजनीत बोट उलटून सहा जण गेले, ती बातमी आम्ही दोघांनीही विसरलेली नव्हती. शेवटी ठरलं, चिऊ नवऱ्याबरोबर आणि बाबा माझ्याबरोबर. लाइफ जॅकेट चौघांनाही. उरलेलं बजेट त्यातच गेलं.

"मला कशाला जॅकेट? मला पोहता येतं," बाबा चिडले.

"येतं हो बाबा. पण शेवटचं कधी पोहलात?"

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तू पाचवीत होतीस."

म्हणजे अठरा वर्षं! पोहणारा माणूस, दारात नदी आणि अठरा वर्षं पाण्यात पाय नाही. मला पुढे बोलता येईना. पण जॅकेटवरून मी मागे हटले नाही.

पावसाळा संपल्यावर देवबाग गाठलं. मामांनी होडी बघितली, बोटाने दाबली, हसले. मग एकच अट घातली. सकाळचंच जायचं, काठाकाठाने, संगमाकडे अजिबात नाही आणि सुकती लागायच्या आत परत. पिवळी खरंच भरकटत होती. मी चार वल्ही मारली की नाक डावीकडे, मग पुन्हा चार मारून सरळ. नवरा काठावरून 'हिरवी, हिरवी' ओरडत होता.

बाबा पुढच्या सीटवर पाय पसरून बसलेले. त्यांनी वल्हं मांडीवर ठेवलं, हात पाण्यात बुडवला आणि ओंजळ नाकाशी नेली.

"वासच नाही गं याला," ते म्हणाले.

काठावर चिऊ जॅकेट घालून रडत होती. तिचा नंबर कधीचा येऊन गेला होता.