आत कोणी नाही ना?

21 ऑक्टोबर 2023, शनिवार. सकाळची मिस्सा आटोपून मी येरवड्यातील आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात दूरदर्शन संच लावून बसलो होतो. श्रीहरिकोट्याहून गगनयानाच्या कुपीचे चाचणी-उड्डाण व्हायचे होते. चारच दिवसांपूर्वी, 2040 पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर पाठवण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले होते. त्यामुळे कुतूहल अधिकच. आठची वेळ खराब हवामानामुळे पुढे गेली. मग उलटी गणती सुरू झाली आणि अवघे पाच सेकंद उरले असताना संगणकाने सारे थांबवले.

तेवढ्यात धर्मग्रामातील एक बाई मुलाच्या पुण्यतिथीची मिस्सा सांगायला आल्या. पडद्याकडे पाहून दारातच थबकल्या.

"फादर, आत कोणी बसलंय का हो?"

"नाही बाई, रिकामंच आहे."

"मग बरं. थांबू देत किती थांबायचं ते."

त्यांचा मुलगा इमारतींमध्ये लिफ्ट बसवण्याच्या कामावर होता. माणसांसाठी खुली करण्यापूर्वी लिफ्ट वजने ठेवून चालवून पाहायची असते. त्या ठिकाणी वजने यायला उशीर होता आणि घरे घेणारे खोळंबले होते. म्हणून दोन पोरांनाच आत उभे केले. त्याचा अंत्यविधी मी केला. अशा वेळी काय बोलावे हे सेमिनरीत शिकवले होते. त्या दिवशी त्यातले काही आठवले नाही.

घाई केवळ गरिबांच्याच वाट्याला येते असेही नाही. 27 जानेवारी 1967 रोजी अमेरिकेत अपोलोच्या कुपीत तीन अंतराळवीर जमिनीवरच सराव करीत होते. अग्निबाणात इंधन नव्हते, म्हणून धोका नाही असे गृहीत धरले गेले. कुपीतील शुद्ध प्राणवायूत आग भडकली. दार आत उघडणारे, ते दाबामुळे उघडेना. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी तिघेही गेले. त्यानंतर अपोलोची तीन उड्डाणे रिकामी झाली आणि ऑक्टोबर 1968 मध्ये माणसे पुन्हा आत बसली.

आमच्या युवक मंडळातील एकाने मला एकदा विचारले होते, "बाहुल्यांवर एवढा खर्च कशाला?" त्याचा रोख नासाच्या आर्टेमिस-१ वर होता. चंद्राकडे माणूस पुन्हा नेण्याच्या तयारीसाठी 16 नोव्हेंबर 2022 रोजी निघालेल्या त्या यानात कमांडरच्या आसनावर पोशाख चढवलेला पुतळा होता. सोबत हेल्गा आणि झोहर हे स्त्रीदेहाचे दोन अर्धपुतळे. झोहरच्या अंगात किरणोत्सारापासून वाचवणारे जाकीट, हेल्गाच्या नाही. 11 डिसेंबरला यान पॅसिफिक महासागरात सुखरूप उतरले. तपासणीत मात्र उष्णतारोधक कवचाचे तुकडे शंभराहून अधिक ठिकाणी निघालेले दिसले. माणसे आत असती तरी ती सुरक्षित राहिली असती, असे नासाचेच म्हणणे. तरीही शोध दोन वर्षे चालला. कवचात कोंडलेल्या वायूने ते तडकले, हे डिसेंबर 2024 मध्ये जाहीर झाले आणि त्याच वेळी माणसांचे उड्डाण आणखी पुढे ढकलले गेले. बाहुल्यांवरचा खर्च मला तरी महाग वाटत नाही.

दहा वाजता श्रीहरिकोट्याचा अग्निबाण उडाला. ही चाचणी होती ती बिघाडाचीच: वाटेत अग्निबाण दगावला असे मानून कुपीला त्याच्यापासून दूर खेचून न्यायचे. सुमारे 17 किलोमीटर उंचीवर कुपी सुटी झाली, पॅराशूट उघडले आणि ती बंगालच्या उपसागरात उतरली. पुढे नौदलाला ती पाण्यात उलटी तरंगताना सापडली, हे मी नंतर वाचले. माणसे बसण्यापूर्वीच ते कळले, हे किती चांगले!

पॅराशूट उघडेपर्यंत बाई उभ्याच होत्या. मग खुर्चीवर बसल्या, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "लिहा फादर, नाव."

मी मिस्सांची वही उघडली.