चार हात जमीन

गेल्या फेब्रुवारीतील एका रविवारी पहाटेच्या अंधारात आम्ही मुंबई-अहमदाबाद महामार्गापलीकडील पाड्यावर मिस्सेसाठी निघालो असता गाडीखाली काहीतरी आले. धक्का लहानसाच होता. साडेसहाला लोक वाट पाहत असतील, म्हणून आम्ही थांबलो नाही. यरीहोच्या वाटेवरील याजक निदान बाजूने तरी निघून गेला; आम्ही वरून गेलो.

परतताना उजाडले होते. त्याच जागी एक श्वेतांबर जैन मुनी नवकार मंत्र म्हणत उभे होते. सोबतच्या श्रावकांनी एक मेलेले उदमांजर फांदीने ओढून कडेला घेतले होते. आम्ही गाडी उभी केली, हात जोडले आणि काही अंतर त्यांच्याबरोबर चाललो.

“फादर, पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचे, असा आमचा नियम,” ते गुजरातीमिश्रित हिंदीत सांगू लागले. “पण खाली पाहावे तर मागचा ट्रक दिसत नाही, आणि ट्रककडे लक्ष ठेवावे तर मुंगी दिसत नाही.” अशा रस्त्यांवर कितीतरी साधुसाध्वींनी प्राण गमावले आहेत. अंधारात जीव दिसत नाहीत म्हणून सूर्योदयापूर्वी चालायचे नाही. आणि उन्हाळ्यात नऊ वाजत नाहीत तोच डांबर अनवाणी पाय भाजते. पावसाळ्याचे चार महिने विहार बंद, तोही जीवजंतूंसाठीच. दीक्षा घेतली तेव्हा ससे, कोल्हे पळताना दिसत. आता पडलेले दिसतात, असे ते म्हणाले. पुढे प्लास्टिकने तुंबलेली एक मोरी लागली. “इथून पाण्याबरोबर जनावरेही जात असतील. वाट बुजली, म्हणून ती वर येतात.” अकरा वर्षे आम्ही त्या मोरीवरून ये-जा करीत आहोत. खाली ओहोळ आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

वसईकरांना २०२४ साल आठवत असेल. मार्चअखेरीस किल्ल्यात बिबट्या दिसला आणि एप्रिलमध्ये पिंजऱ्यात सापडेपर्यंत सुमारे २५ दिवस आपली झोप उडाली होती. तो इथे आलाच का, असे जो तो विचारी. पूर्वेला तुंगारेश्वरचे जंगल, पश्चिमेला किल्ला. मधे महामार्ग, लोहमार्ग आणि आपली घरे. एवढे ओलांडून तो आला कसा, हे विचारणारा आम्हांला कोणी भेटला नाही. आम्हीही मिस्सेनंतर सावधगिरीच्या सूचना तेवढ्या वाचून दाखवल्या. पोप फ्रान्सिस यांचे २०१५ चे ‘लाउदातो सी’ मात्र आम्ही दोन शिबिरांत शिकवले आहे!

निरोप घेताना मुनींनी विचारले, “आपली प्रार्थना किती वाजता असते?”

“साडेसहाला, महाराजसाहेब.”

“म्हणजे अंधारातच निघावे लागत असेल,” एवढेच ते म्हणाले.

उदमांजर कोणाच्या गाडीखाली आले, हे आम्ही त्यांना सांगितले नव्हते. तेव्हाही सांगितले नाही.

पाड्यावरची मिस्सा आता साडेसातला होते. वीटभट्टीवर जाणाऱ्यांना त्यामुळे उशीर होतो, अशी तक्रार आहे. तक्रार खरी आहे.