आठ वर्षांचं गाव

अमेरिकेत एमडी आणि पीएचडी एकत्र करता येते असं सांगितलं की ऐकणारा आधी हिशोब करतो. दोन वर्षं मेडिकलचा अभ्यास, मग साधारण चार वर्षं संशोधन, मग पुन्हा दोन वर्षं वॉर्डात. एकूण आठ. बहुतेक ठिकाणी फी माफ, वर स्टायपेंड. इथपर्यंत त्याचा चेहरा खुललेला असतो. त्यानंतर रेसिडेन्सीची तीन-चार वर्षं सांगितली की तो माझं वय विचारतो.

मी २८ वर्षांची आहे. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी १८ ठिकाणी अर्ज केले. दोन मुलाखती झाल्या, एका ठिकाणी वेटिंग लिस्टवर नाव लागलं, आणि जून संपता संपता तीही लिस्ट बंद झाली.

पुन्हा अर्ज करायचा की नाही, यावर आमच्या घरी फार चर्चा झाली नाही. आईने एकदाच विचारलं, "म्हणजे चाळिशीत डॉक्टर?" मी म्हटलं, "चाळीस तर तशीही होणारच आहेत." यावर बाबा हसले आणि तो विषय संपला. चर्चा झाली ती 'कुठे' यावर. ती अजून चालू आहे.

पहिल्यांदा अर्ज करताना यादी बनवणं तसं सोपं असतं. नावाजलेली दहा, बेताची पाच, घराजवळची तीन. दुसऱ्यांदा मात्र प्रत्येक नावापुढे एक प्रश्न येतो, कारण बरीच कॉलेजं तो अर्जातच विचारतात: मागच्या वेळेपासून काय बदललं? काही ठिकाणी किती वेळा अर्ज करता येईल यावरही मर्यादा असते. एमकॅट परीक्षेचे गुण कुठे दोन, कुठे तीन वर्षं चालतात. म्हणजे यादीतलं प्रत्येक नाव खर्चाचं असतं, पैशांच्याही आणि संधीच्याही. देशभरातून दरवर्षी दोनेक हजार लोक या रांगेत उभे राहतात आणि सातशेच्या आसपास आत जातात. वैद्यकीय शिक्षणाच्या मानाने हे प्रमाण वाईट नाही, पण ही रांग आधीच गाळून आलेल्यांची असते.

माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. बारा वर्षांची असताना आईबाबांबरोबर मिरजेहून न्यू जर्सीला आले, कार्ड कॉलेजात असताना हातात पडलं. ते नसतं तर हा लेखच लिहिला नसता. या कार्यक्रमांमागचा बराचसा पैसा एनआयएच या सरकारी संस्थेकडून येतो आणि तिचं प्रशिक्षण-अनुदान फक्त नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी असतं. एच-वन-बीवर असलेल्या माझ्या एका मैत्रिणीने अशीच यादी करायला घेतली आणि तासाभरात ती एका पानाच्या वरच्या कोपऱ्यात मावली.

मी मूळची स्प्रेडशीटवाली. त्यामुळे या वर्षी पुन्हा एक फाइल उघडली. रँकिंग, जागा, शहर, भाडं, न्यूयॉर्कपासूनचं अंतर. हा शेवटचा रकाना नवऱ्याच्या नोकरीचा. तो म्हणाला, "माझा रकाना काढून टाक." मी काढला नाही. आठ वर्षं म्हणजे कोणाच्याही संसाराचा बराच मोठा तुकडा असतो.

पण रकाने भरताना एक गोष्ट दिसली. कुठलंच कॉलेज दुसऱ्यापेक्षा वेगळं वाटेना, कारण मी तिथे नेमकं काय करणार हा रकानाच नव्हता. तो भरायचा तर माझा प्रश्न कुठला, हे आधी लिहायला हवं होतं. माझा प्रश्न बोटाला लावायच्या चिमट्याचा आहे.

२०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या घराघरात ऑक्सिमीटर आला होता. आमच्या फॅमिली ग्रुपवर मिरजेचे धाकटे काका रोज सकाळी आकडा टाकायचे. "९५. चहा झाला." "९४. बरं वाटतंय." सातासमुद्रापलीकडे आम्ही त्या आकड्यावर दिवस काढायचो. एके दिवशी आकडा ९४ असतानाच त्यांना बोलताना धाप लागली. चुलतभावाने आकड्याकडे न बघता त्यांना दवाखान्यात नेलं. काका बरे झाले. त्यांचं यंत्र चुकत होतं का, हे आता कोणी सांगू शकत नाही. बोटावरचा आकडा आणि रक्ताची तपासणी एकाच वेळी कोणी टिपली नव्हती. पण मी त्या चिमट्याबद्दल वाचायला लागले ते तेव्हापासून.

ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, आणि यंत्र त्याचं गुणोत्तर काढतं. मात्र गुणोत्तरावरून टक्का काढायला नुसतं सूत्र पुरत नाही. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्यांचं रक्त तपासतात आणि एक तक्ता बनवतात. यंत्र त्या तक्त्यात बघून आकडा सांगतं. आकडा काकांचा, तक्ता दुसऱ्यांचा.

ते दुसरे कोण? अमेरिकेच्या एफडीएच्या २०१३च्या सूचनांनुसार अशा चाचणीत किमान १० माणसं हवीत, आणि त्यांत गडद त्वचेची किमान २ किंवा १५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. डिसेंबर २०२०मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मोजमाप छापलं. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७. त्यानंतर चक्रं हलली; २०२५च्या जानेवारीत एफडीएने चाचणीतली माणसं बरीच वाढवण्याचा नवा मसुदा काढला.

मला अडवून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. कृष्णवर्णीय रुग्णांत हे यंत्र कमी भरवशाचं असल्याचं १९९०मध्येही एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. मधली तीस वर्षं यंत्रं विकली जात होती, आकडे वाचले जात होते. हे यंत्र मुळात एका इंजिनिअरने शोधलं, जपानच्या ताकुओ आओयागीने, १९७०च्या दशकात. त्याला डॉक्टर व्हावं लागलं नाही. त्यामुळे "मग तुला कशाला व्हायचंय?" हा प्रश्न मुलाखतीतही आला आणि जेवणाच्या टेबलावरही. माझं उत्तर या तीस वर्षांत आहे. तक्ता कसा बनतो हे माहीत असलेली माणसं खाटेजवळ नव्हती. खाटेजवळच्या माणसांना आकड्यामागे तक्ता आहे हे आठवायला वेळ नव्हता. दोन्हीकडे पाय असलेलं कोणी असतं तर तीस वर्षं लागली नसती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मला त्या दोन जागांच्या मधे उभं राहायचंय, एवढं नक्की.

हे लिहिल्यावर फाइलमधले सगळे रकाने पुसले आणि दोनच ठेवले. तिथे सेन्सर आणि तक्त्यांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे का? आणि ज्यांच्यावर ते चुकतात असे रुग्ण त्याच गावात, त्याच रुग्णालयात येतात का?

यादी लगेच हलली. अटलांटा वर आलं. एमरीच्या एमडी-पीएचडी विद्यार्थ्यांना जॉर्जिया टेकमध्ये पीएचडी करता येते, दोघांचा बायोमेडिकल इंजिनिअरिंग विभाग एकच आहे, आणि एमरीचे विद्यार्थी ज्या ग्रेडी या सार्वजनिक रुग्णालयात शिकतात तिथे बहुसंख्य रुग्ण कृष्णवर्णीय असतात. पिट्सबर्गला मेडिकल कॉलेज आणि कार्नेगी मेलन मिळून कार्यक्रम चालवतात. माझ्यासारख्या कोड लिहिणारीला तिथे ओळखीची भाषा ऐकू येईल. अॅन आर्बर तर त्या २०२०च्या मोजमापाचंच गाव. सॅन फ्रान्सिस्कोला यूसीएसएफमध्ये हायपोक्सिया लॅब आहे, जिथे स्वयंसेवकांचा ऑक्सिजन खरोखर उतरवून ऑक्सिमीटर तपासतात. तिथलं घरभाडं बघून नवरा गप्प झाला, पण नाव राहिलं. काही फार मोठी नावं गळाली. त्यांच्या वेबसाइटवर दोन संध्याकाळी घालवूनही मला माझ्या कामाजवळचं काम करणारा एकही गाईड सापडला नाही. ती नावं पुसताना हात थांबला, हे मात्र खरं. मिरजेत सांगायला तीच नावं सोपी होती.

रटगर्स आणि प्रिन्स्टनचा एकत्र कार्यक्रम आमच्या एडिसनच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. तो यादीत ठेवावा की नाही यावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. घर जवळ म्हणून ठेवतेय की काम आहे म्हणून? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी आहे. बाबा म्हणाले, "आमच्यासाठी ठेवू नकोस. आणि आमच्यासाठी काढूही नकोस." प्रिन्स्टनच्या इंजिनिअरिंगमधल्या दोन प्रयोगशाळांची कामं वाचून काढली आणि नाव ठेवलं.

वेटिंग लिस्टवाल्या कॉलेजलाही पुन्हा लिहितेय. काय बदललं, याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. नोकरी सोडून आठ महिन्यांपासून एका प्रयोगशाळेत निम्म्याहून कमी पगारावर काम करतेय. आठवड्यातून दोनदा आयसीयूत उभी राहून बोटावरचा आकडा आणि रक्ताचा आकडा शेजारी शेजारी लिहिते. अर्जात संशोधनाबद्दल लिहायला १०,००० अक्षरं मिळतात आणि एमडी-पीएचडीच का, हे सांगायला ३,०००. गेल्या वर्षी ३,००० पुरत नव्हती. या वेळी मसुदा २,४००वर थांबलाय आणि त्यात वाढवण्यासारखं काही उरलेलं नाही.

यादीत आता १४ नावं आहेत. या वेळीही नाही झालं तर नुसत्या पीएचडीला जाईन. ते अर्ज डिसेंबरमध्ये असतात आणि त्यांची फाइलही तयार आहे. त्या फाइलमध्येही पहिलं नाव अटलांटाच आहे. नवऱ्याने ते पाहिलं आणि तिथल्या नोकऱ्या शोधायला सुरुवात केली. मी म्हटलं, "अजून मुलाखतही आलेली नाही." तो म्हणाला, "तुझ्या यादीत मी काय करणार, हा रकाना तू ठेवला नाहीस. तो मी भरतोय."